पिंजऱ्यातील सावज

रात्रीच्या वेळी आमिष लावून हिंस्र जनावर पकडणे किंवा मारणे ही शिकारीची फार जुनी रीत आहे. तिच्यात माणूस जनावराचा माग काढत नाही. जनावरच भुकेपोटी आपल्या पायांनी चालत येते. आमिष या शब्दाचा मूळ अर्थ मांस. सामिष आणि निरामिष या शब्दांत तो अजून टिकून आहे. फसवण्यासाठी दाखवलेली वस्तू हा अर्थ त्याला पुढे जोडला गेला. भुकेलेल्याला अन्न दाखवून फसवणे धर्मात बसते का, आणि आमिष म्हणून ज्या जिवाला बांधले त्याचे काय, हे दोन प्रश्न या रीतीबरोबर कायम चालत आले आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात ही रीत आज मुख्यतः बिबट्यासाठी वापरली जाते. तालुक्याचा बराचसा भाग पठाराचा, कमी पावसाचा आणि माळरानाचा. लांडगा, कोल्हा, खोकड आणि तरस ही तिथली जुनी जनावरे. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी आल्यावर निघोज-अळकुटीच्या बाजूला ऊस वाढला आणि बारा महिने उभ्या राहणाऱ्या त्या पिकात बिबट्याला आडोसा मिळाला. मादी उसातच पिल्ले घालते. गावातली कुत्री, शेळ्या, वासरे यांवर तिची गुजराण होते. हा पट्टा शेजारच्या जुन्नर आणि शिरूर तालुक्यांशी सलग आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला; त्यांत दोन मुले होती. लोक रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. शेतीपंपाला रात्रीच्या पाळीची वीज आली की उसाच्या कडेने अंधारात बारे द्यायला जावेच लागते. त्या माणसाची भीती खरी आहे, आणि या विषयावरचा कोणताही विचार तिला डावलून करता येत नाही.

बिबट्या दिसला किंवा त्याने जनावर मारले की गावकरी वनविभागाकडे पिंजऱ्याची मागणी करतात. पिंजरा लोखंडी असतो आणि त्याचे दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात शेळी किंवा बोकड ठेवतात. त्यालाच सावज म्हणतात. मधे जाळी असते. पुढच्या कप्प्यात बिबट्याने पाऊल टाकले की वरचे दार खाली पडते. शेळी कळपात राहणारे जनावर आहे. एकटी पडली की ती ओरडते, आणि तिचे ते ओरडणेच इथे कामाला येते. जाळीमुळे ती बहुतेक वेळा जिवंत राहते, पण हातभर अंतरावर बिबट्या गुरगुरत असताना तिला सकाळपर्यंत तिथेच राहावे लागते.

कायद्याने या सगळ्याला शिकारच म्हटले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत मारणे आणि विष घालणे यांबरोबर सापळा लावणे, फास लावणे आणि आमिष दाखवणे ही कृत्येही येतात. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला किंवा बरा न होण्याइतका अपंग वा आजारी झाला, आणि पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही अशी खात्री झाली, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. शेळीच्या बाजूने पाहता १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात एक कलम आहे: केवळ करमणुकीसाठी एखाद्या जनावराला दुसऱ्याचे भक्ष्य म्हणून बांधणे हा गुन्हा आहे. म्हणजे कृती तीच, पण हेतूने ती गुन्हा ठरते किंवा ठरत नाही. हेतूवर दिलेला हा भर भारतीय धर्मविचाराच्या जवळचा आहे.

आमिष आणि कपट यांवरची सर्वांत प्रसिद्ध चर्चा वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात आहे. रामाने झाडाआडून बाण मारला, तेव्हा जखमी वाली विचारतो की आपण दुसऱ्याशी लढत असताना लपून मारण्यात कोणता धर्म आहे. राम दोन उत्तरे देतो. पहिले असे की वालीने धाकट्या भावाची बायको बळकावली, म्हणून हा दंड आहे. दुसरे असे की वाली वानर आहे, आणि माणसे जाळी, फास आणि छुपे सापळे लावून, उघडपणे किंवा लपून पशूंना धरतात व मारतात. त्यात दोष मानत नाहीत. ही दोन उत्तरे एकत्र नांदत नाहीत. दंड करायचा तर समोरचा अपराध समजणारा असायला हवा, त्याला आपली बाजू मांडता यायला हवी आणि अपराधी तोच आहे याची खात्री हवी. मृगया म्हणायची तर अपराधाचा प्रश्नच उठत नाही. पशूला पशू म्हणूनच मारायचे. टीकाकारांनी या प्रसंगाची पुष्कळ उकल केली आहे, तरी ही फट बुजलेली नाही, आणि ती न बुजणे हेच त्या प्रसंगाचे मोल आहे.

पारनेरच्या शिवारात हीच फट पुन्हा उघडते. बिबट्याला नरभक्षक म्हणताना लोक दंडाची भाषा बोलतात. पिंजरा लावताना मात्र मृगयेची मुभा घेतली जाते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात लढाईत छुप्या शस्त्राने मारायला मनाई आहे, आणि त्याच अध्यायात मृगया ही राजाला जडणाऱ्या कामज व्यसनांत पहिली सांगितली आहे. तिथे मृगयेवरचा आक्षेप शिकाऱ्यासाठी आहे: मारण्याच्या सुखाची चटक लागते आणि राजा बिघडतो. पाश्चात्त्य शिकाऱ्यांची नीती वेगळ्या अंगाने गेली. १८८७ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला निसटण्याची न्याय्य संधी मिळाली पाहिजे, हा दंडक रूढ केला. त्याच देशात कोल्ह्याचा जातभाई असलेल्या कोयोटीला अनेक राज्यांत वर्षभर, आणि काही ठिकाणी रात्री आमिषावरही, मारायला मुभा आहे. तिथल्या शिकाऱ्यांतला वाद याच दंडकाभोवती फिरतो. तो दंडक खेळाचा आहे. ज्याच्या अंगणातून मूल उचलले गेले त्याला खेळाचे नियम सांगता येत नाहीत, म्हणून पारनेरच्या प्रश्नाला तो पुरत नाही.

याहून उपयोगी चौकट कौटिल्याकडे मिळते. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आठ दैवी भये सांगितली आहेत: अग्नी, पूर, रोग, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशू, साप आणि राक्षस. हिंस्र पशूंच्या भयावर उपाय म्हणून गुंगी आणणारा मदनरस घातलेली जनावरांची मढी टाकावीत, पारधी व कुत्री पाळणाऱ्यांनी छुपे पिंजरे आणि खड्डे वापरावेत, शस्त्रधाऱ्यांनी पशू मारावा, असे तो सांगतो. हल्ला होताना मदतीला न धावणाऱ्याला १२ पण (नाणी) दंड आणि पशू मारणाऱ्याला तेवढेच बक्षीस. म्हणजे आजचा पिंजरा दोन हजार वर्षांपूर्वीच्या राज्यव्यवहारातही होता. महत्त्वाचे आहे ते त्याचे स्थान. पूर आणि आग यांच्या रांगेत बसवल्यामुळे पशूवर राग धरायला जागा राहत नाही. आगीला कोणी शिक्षा करत नाही, ती विझवतो. आणि याच प्रकरणात कौटिल्य पर्वकाळी पर्वतांची पूजा करायलाही सांगतो. भयाचे निवारण हे मारण्यावर संपते असे त्याने मानलेले नाही.

आगीची उपमा घेतली तर तिची मर्यादाही घ्यावी लागते: जिथे आग आहे तिथेच पाणी मारायचे असते. आमिषाचा पिंजरा इथे चुकतो. त्यात येतो तो भुकेला बिबट्या; हल्ला करणाराच असेल असे नाही. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या शेतीच्या खोऱ्यात कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. इतके बिबटे एकाच शिवारातून फिरत असतील, तर आमिषाला पहिला कोण येईल हे भूक ठरवते, गुन्हा नव्हे. जुन्नर वनविभागातील अनुभव तर आणखी कठोर आहे. १९९३ ते २००१ या काळात तिथे वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत. त्यानंतर पकडलेले २९ बिबटे सरासरी सुमारे ४० किलोमीटर दूर जंगलात सोडण्यात आले आणि हल्ल्यांची सरासरी १७ वर गेली. सोडण्याच्या जागांजवळ हल्ले विशेष वाढले. निरपराध जनावर धरून अनोळखी रानात टाकले की भय कमी न होता वाढू शकते. दंड म्हणून हे चुकीचे, आणि भयनिवारण म्हणूनही फसलेले.

जैन आचारशास्त्राने हिंसेचे चार प्रकार केले आहेत. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, उपजीविकेत घडणारी उद्योगी आणि स्वतःच्या किंवा आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्ण सोडायची आणि बाकीच्या जमतील तितक्या कमी करायच्या. महाभारताच्या वनपर्वातील मांस विकणारा धर्मव्याधही सांगतो की नांगर चालला तरी जीव मरतात. पारनेरच्या शेतकऱ्याचा पिंजरा पहिल्या नजरेला विरोधी हिंसेत बसतो. मात्र त्यासाठी विरोध करणारा समोर असायला हवा. हल्ला झालेला नसताना केवळ दिसला म्हणून लावलेला पिंजरा हळूहळू संकल्पीकडे सरकतो, आणि ती सीमा कुठे ओलांडली गेली हे प्रत्येक अर्जावर तपासायला हवे.

शेळीच्या बाबतीत जैन विचार जास्त नेमका आहे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे जे अतिचार (दोष) दिले आहेत, त्यांत जनावर बांधून ठेवणे आणि त्याचे अन्नपाणी रोखणे हे दोन्ही आहेत. पिंजऱ्यातल्या सावजाला चारा-पाणी ठेवले का, हा प्रश्न त्यामुळे किरकोळ व्यवस्थेचा राहत नाही. वारकरी घरात तो वेगळ्या रूपाने येतो. तुकाराममहाराजांचे शिष्य निळोबाराय यांचे पिंपळनेर याच तालुक्यात आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या शेतकऱ्याने मांस वर्ज्य केलेले असते, आणि त्याच्या गोठ्यातली शेळी बिबट्यापुढे ठेवायला मागितली जाते. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकानंतरच्या सव्विसाव्या वर्षी, जिवाने जीव पोसू नये अशी आज्ञा आहे. गाभण आणि दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या मारू नयेत असेही तिथे म्हटले आहे. शांतिपर्वात तर शेळीवरूनच वाद आहे. यज्ञात सांगितलेला ‘अज’ म्हणजे बोकड, असे देव म्हणाले. ऋषी म्हणाले, अज म्हणजे बी. उपरिचर वसू राजाने देवांच्या बाजूने निकाल दिला आणि तो आकाशातून खाली जमिनीत गेला.

बळी आणि सावज यांत फरक आहे. खंडोबाला किंवा देवीला बोकड देणारे घर त्याला ओवाळते, त्याचे देणे मान्य करते. बळीविषयी कोणाचे काहीही मत असो, तिथे त्या जिवाची दखल घेतलेली असते. सावजाची कोणी घेत नाही. बिबट्याच्या बातमीत शेळीला जेमतेम अर्धे वाक्य मिळते. डिसेंबर २०२५ मध्ये बिबटे वस्तीकडे येऊ नयेत म्हणून जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना राज्याच्या वनमंत्र्यांनी मांडली, तेव्हाही चर्चा खर्चाची आणि परिणामाची झाली. मरायला सोडलेल्या शेळ्यांविषयी धर्माच्या अंगाने कोणी बोलायला हवे होते.

माळरानावर आमिषाचे सर्वांत वाईट रूप दिसते. लांडग्याने मेंढी मारली की रागाने तिच्या मढ्यात विष घातले जाते. लांडगाही पहिल्या अनुसूचीत आहे, पण प्रश्न एका लांडग्यापुरता उरत नाही: त्या मढ्यावर तरस येते, कोल्हा येतो, कुत्री आणि कावळे येतात. कौटिल्याच्या मदनरसाचाच हा वारसा आहे, आणि यात विरोधी हिंसेचा आधारही राहत नाही, कारण मरणाऱ्यांतल्या बहुतेकांनी काहीच केलेले नसते. धनगरांची जुनी रीत याच्या उलट आहे. ते रात्री मेंढरे जाळीच्या वाघरीत कोंडतात आणि कुत्री राखणीला ठेवतात. वाघर हा शब्द संस्कृत वागुरेपासून आला. राम वालीला ज्या जाळ्यांचे उदाहरण देतो त्यांत वागुरा आहे. रानातले जनावर धरायचे जाळे इथे आतल्या जनावराला राखते.

सह्याद्रीच्या बाजूला, अकोल्याच्या आदिवासी गावांत, आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस होते. इतर गावांत त्याच तिथीला वसुबारस, गाय-वासराची पूजा. गुराखी वाघोबाच्या दगडाला शेंदूर लावतात आणि गुरे सांभाळ असे सांगतात. पारनेरात पिंपळगाव रोठ्याच्या कोरठण खंडोबाचे सेवेकरी वाघ्या म्हणवतात. या भक्तीने हल्ले थांबत नाहीत आणि तसा दावाही ती करत नाही. ती वाघाला गुन्हेगार म्हणत नाही, एवढे मात्र नक्की. कौटिल्याने भयनिवारणाशेजारी पर्वतपूजा ठेवली, तिच्याशी हे जुळते.

धरलेल्या बिबट्यांपैकी जे पुन्हा सोडता येत नाहीत, त्यांतले अनेक जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील निवारा केंद्रात राहतात. तिथे त्यांची देखभाल होते, उपचार होतात. बिबट्या वर्षानुवर्षे जगतो, आणि त्याला मांसच लागते. आमिषाच्या रात्री जाळीमागची शेळी वाचलेली असते. त्यानंतर त्या बिबट्यासाठी नेमाने कापल्या जाणाऱ्या जनावरांपुढे जाळी नसते. अशोकाने जिवाने जीव पोसण्याविषयी जे म्हटले ते त्या केंद्राच्या रोजच्या शिध्यालाही लागू पडते.