निवडीतून घडणारा आचार

मुलांस सदाचार शिकवावा कसा, हा प्रश्न प्रत्येक वासनिकाच्या घरी उपस्थित होतो. सत्य बोलावे, परस्व घेऊ नये, जीवमात्रास पीडा देऊ नये, ही वचने मुलांस लवकर मुखोद्गत होतात. परंतु मुखी आलेले वचन आणि अंगी मुरलेला आचार यांत फार अंतर आहे.

पुण्याजवळील दिघी गाव 1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. कारखानदारीने या परिसरात वस्ती वाढली, तशी पाण्याची ओढही वाढली. नोव्हेंबर 2019 मध्ये शहरात एक दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. अशा वस्तीत नळाला पाणी येण्याची वेळ हीच परीक्षेची वेळ होय. नळाला थेट विद्युत मोटार जोडली, तर आपली टाकी लवकर भरते. पण वाहिनीतील दाब कमी होऊन शेजाऱ्याची धार बारीक होते. जो पिता रात्री परस्वाचा निषेध सांगतो आणि पहाटे मोटार लावतो, त्याचे मूल दोन्ही पाठ घेते. रुजतो तो पहाटेचा.

येथे कोणी म्हणेल, 'घरात लेकरे आहेत, वृद्ध आहेत. सर्वच मोटार लावतात, मग एकट्यानेच झळ का सोसावी?' ही अडचण खोटी नाही. परंतु लेकरे व वृद्ध शेजारीही आहेत. शिवाय ज्या निवडीत काहीच सोडावे लागत नाही, तीतून मूल काय शिकणार? दोन बादल्या कमी मिळाल्या, तर त्या दिवसाचे पाणी कसे पुरवावे हे मुलासच ठरवू द्यावे. चुकले तर संध्याकाळची टंचाई त्यानेही सर्वांबरोबर सोसावी. दटावून करविलेले सत्कर्म दटावणारा दूर होताच सुटते; स्वतः निवडलेले टिकते.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पाठलागाने भ्यालेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास आला. स्वामींनी त्यास आधी अभय दिले, शिकाऱ्यांशी बोलणे नंतर झाले; आणि शिकाऱ्यांनी सशाचा नाद सोडला. आधी कृती, मग उपदेश, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. घरातील क्रम बहुधा याच्या उलट असतो.

म्हणून मुलांच्या संस्काराची चिंता करणाऱ्या वासनिकाने प्रथम आपल्या नळाकडे पाहावे. मूल तेथेच उभे असते.