आहे तेवढंच दाखवावं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मी काही अभ्यासक नाही. बी.कॉम. झालो, बँकेत कारकुनी केली, निवृत्त झालो. अंकासाठी चार ओळी लिहा, असा आग्रह झाला, म्हणून मनातला एक प्रश्न मांडतो. आपल्याला काय झेपत नाही हे लपवून सेवा केली, तर ती निष्ठा म्हणावी की खोटेपणा?

सुरुवात आरतीपासून झाली. आरतीवर हात फिरवून डोळ्यांना लावताना उजव्या हाताला ज्योतीची ऊब कळेना. एकदा बोट पोळलं, ते घरी आल्यावर फोड पाहून समजलं. खोकला किंवा शिंक आली की डोक्याच्या मागे कळ उठायची, ती तर कित्येक वर्षांची. मानेचे मणके झिजले असतील म्हणून शेक घेत दिवस काढले. शेवटी एमआरआय केला आणि कियारी हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. हान्स कियारी या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १८९१ साली या दोषाचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव.

कवटीच्या तळाशी एक छिद्र असतं, त्यातून मज्जारज्जू मानेत उतरतो. माझ्या लहान मेंदूचा खालचा भाग त्या छिद्रातून खाली सरकला होता. मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट त्यामुळे अडली आणि मज्जारज्जूत पाणी साठून पोकळी झाली. हाताची ऊब गेली ती त्यामुळे.

श्रावणात शस्त्रक्रिया झाली. छिद्रामागचं थोडं हाड आणि पहिल्या मणक्याची मागची कमान काढली, मेंदूवरच्या आवरणाला ठिगळ लावून जागा वाढवली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, "दुखणं वाढू नये म्हणून हे करतोय. हाताची गेलेली जाणीव परत येईलच असं नाही." मग सूचना. ओझं उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, कुंथायचं नाही, मानेला हिसका बसू द्यायचा नाही. पुढे हळूहळू सूट मिळाली, पण खांद्यावर वजन घ्यायचं नाही हे कायम राहिलं.

घरात सौ.ने पाण्याची कळशी माझ्या हाती लागेना अशी ठेवली. पिशवी घेतली की नातू ओरडायचा, "आजोबा, ठेवा ती!" मला राग यायचा. साष्टांग नमस्कार बंद झाला, उभ्यानेच हात जोडायचे. तेही सोसलं. पण मार्गशीर्ष जवळ आला आणि मन ऐकेना. बावीस वर्षं दत्तजयंतीला पालखीचा दांडा माझ्या खांद्यावर असायचा. कोणी विचारलं की सांगायचो, "आता ठणठणीत आहे." मानेवरचा व्रण उपरण्याखाली झाकला आणि दांड्याला खांदा दिला.

वीसेक पावलं गेलो असेन. डोक्याच्या मागे कळ आली, पाय अडखळला आणि पालखी एका बाजूला कलली. मागच्या मुलाने दांडा पेलला म्हणून निभावलं. कुणाला लागलं नाही.

घरी आल्यावर सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, तुम्ही एकटे पडला असतात तर तुमचं तुम्ही निस्तरलं असतंत. पण शेजारी दुसऱ्यांची पोरं होती."

त्या रात्री मला बँकेतलं कॅश क्रेडिट खातं आठवलं. व्यापाऱ्याला मर्यादा मंजूर असते समजा दहा लाखांची. पण दर महिन्याला त्याने मालाचं पत्रक द्यायचं असतं. गोदामात माल आठ लाखांचा असेल, तर पंचवीस टक्के मार्जिन वजा जाता सहा लाखच उचलता येतात. काही जण माल नसताना पत्रकात फुगवून लिहायचे. तपासणीत सापडले की आम्ही त्याला धाडस म्हणत नव्हतो, फसवणूक म्हणत होतो. मी वेगळं काय केलं होतं? गोदाम रिकामं आणि पत्रकावर 'ठणठणीत'! कुठल्याही खोट्या पत्रकात बुडतो तो विश्वास ठेवणारा.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, तेही सोडलं. "मला आता काही जमत नाही," असं म्हणत खुर्ची धरली. भाजी निवडायला सांगितली तरी आजाराचं नाव पुढे करायचो. हेही पत्रक खोटंच. माल असून नाही म्हणणारा प्रामाणिक कसा?

अवधूतांच्या चोवीस गुरूंत समुद्र आहे. पावसाळ्यात नद्या भरून आल्या तरी तो मर्यादा ओलांडत नाही आणि उन्हाळ्यात त्या आटल्या तरी तो आटत नाही. पहिली अर्धी गोष्ट मला ठाऊक होती, दुसरी अर्धी आता कळली.

हल्ली मी सकाळी चालतो. अंघोळीचं पाणी डाव्या हाताने तपासतो, कारण उजव्यावर भरवसा नाही. उत्सवात पावत्या लिहायला बसतो आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, "बसून होईल ते सगळं द्या, उचलायचं काही देऊ नका." गेल्या वर्षी हे ऐकून शेजारचे एक गृहस्थ हळूच म्हणाले, "मलासुद्धा गुडघ्यांमुळे पंगतीत वाढायला होत नाही हो, सांगायची लाज वाटत होती." ते आता माझ्याजवळ बसून पावत्यांचा हिशेब जुळवतात.

पालखी समोरून जाते तेव्हा खांदा अजून शिवशिवतो, खोटं कशाला सांगू? मी उठून उभा राहतो, हात जोडतो आणि पुन्हा पावतीपुस्तक उघडतो.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांच्या गोदामात आता माल कमीच होत जाणार. महिन्याचं पत्रक तेवढं खरं भरू या, घरच्यांपुढे आणि महाराजांपुढेही.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥