नाबोथचा मळा आणि गावची वडीलधारी मंडळी



राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथची कथा आहे. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता. अहाबाला दुष्ट ठरवून आपण मोकळे होतो, पण त्याने पुढे ठेवलेला सौदा वाईट नव्हता. याहून चांगला मळा घे, नाहीतर रोख किंमत घे. आपल्या भाषेत, जमिनीला जमीन किंवा मावेजा. नाबोथ नाही म्हणाला, कारण ते वाडवडिलांचे वतन होते आणि इस्राएलात जमिनीचा खरा धनी परमेश्वर. विकणार कोण?

मग ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रे गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. खोटे साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथ दगडांखाली मेला. आम्हाला या कथेत राजापेक्षा ती वडीलधारी मंडळी अधिक बोचते. त्यांना मळ्यातला एक घडही मिळणार नव्हता. पत्र आले, त्यांनी उपास जाहीर केला (होय, उपास!) आणि शेजाऱ्याला संपवले. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अम्ब्रोझ यांनी नाबोथवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो ही गोष्ट जुनी झालेली नाही असे मानूनच.

हे सारे आठवायला कारण घडले. मिस्सानंतर एक भगिनी थांबली. तिची थोरली बहीण माहूर तालुक्यात दिली आहे, निम्न पैनगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रातल्या गावात. नवरा-बायको दुसऱ्याच्या रानात मजुरी करतात. "फादर, मालकाला मावेजा मिळंल. माझ्या बहिणीच्या नावावर तर काहीच नाही. तिनं कुठं जायचं?"

या प्रकल्पाला १९९७ साली प्रशासकीय मान्यता मिळाली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणात करार झाला. विरोध करणारे गावकरी यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतली मिळून ९५ गावे बुडतील असे सांगतात. त्यांत आदिवासी आणि बंजारा वस्त्या आहेत. १९९७ साली पाळण्यात असलेली पोर आज स्वतः आई झाली असेल. एवढी वर्षे घर पक्के बांधावे की नाही, विहीर खोदावी की नाही, याचा निर्णय टांगणीला. पाणी यायच्या आधीच माणूस अर्धा बुडालेला असतो.

धरण नकोच, असे आम्ही म्हणत नाही. खालच्या अंगाला कोरडवाहू शेतकरी पाण्याची वाट पाहतो आहे, तोही देवाचाच. पण "ते किनवट-माहूरचे, आपले काय जाते?" असे आपल्यापैकी कोणी म्हणू नये. उन्हाळ्यात पैनगंगेचे पात्र आटले की "इसापूरचे पाणी सोडा" ही मागणी आपल्याच हिमायतनगर तालुक्यातून जाते. त्या इसापूरच्या पाण्याखालीही कोणाची तरी गावे गेली आहेत. कोणाची, हे आपण कधी विचारले?

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की माणसाने मालमत्ता सांभाळावी स्वतःची म्हणून, पण तिचा उपभोग घ्यावा सर्वांची समजून. सातबाऱ्याला ही दुसरी बाजू दिसत नाही. कायद्याला थोडी दिसली आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात, संपादनाआधी तीन वर्षे त्या जमिनीवर राबून पोट भरणारे भूमिहीन मजूर आणि बटईदारही बाधित कुटुंब ठरतात. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती लागते. मात्र जमीन थेट खरेदीने घेतली, तर सौदा सातबाऱ्यावरच्या नावाशीच होतो. मजुराच्या तीन वर्षांच्या राबण्याचा कागद कोण देणार? मालक देईल? नाबोथकडे निदान मळा तरी होता!

त्या भगिनीला त्या दिवशी आम्ही फक्त "प्रार्थना करतो" म्हणालो आणि ती गेल्यावर ओशाळलो.

म्हणून पुढच्या रविवारी मिस्सानंतर चर्चच्या ओसरीवर बसायचे आहे. ज्यांचे सोयरे बुडीत गावांत आहेत, त्यांनी त्यांचे रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, मतदार यादीतले नाव, जे असेल त्याची झेरॉक्स आणावी. कोणत्या गावात, कोणाच्या रानात, किती वर्षे काम केले, तेही विचारून यावे. ज्यांना लिहिता येते अशा तरुणांनी वही-पेन घेऊन थांबावे. सोयरे ख्रिस्ती आहेत की नाहीत, हे कोणी विचारणार नाही.