दूरदेशीचे काम आणि घरची चौकशी

नीरा नदीचा पूल ओलांडून पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात उतरले की लागणारे पहिले मोठे गाव म्हणजे शिरवळ. महामार्गावरच्या या गावाने दोन प्रकारचे वाटसरू पाहिले आहेत. एक, या मुलखातून पोटासाठी बाहेर पडणारे. आणि दुसरे, येथे कारखानदारी वाढू लागल्यापासून बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा अशा दूरच्या प्रांतांतून पोटासाठी इकडे येणारे. एकच रस्ता एका आईचा मुलगा घेऊन जातो आणि दुसऱ्या आईचा मुलगा आणून सोडतो. अशा गावाच्या वेशीवर क्षणभर थांबले, तर एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. घरापासून दूर, परक्या मुलखात राबणाऱ्या माणसाला आपल्या कामात समाधान लाभते काय? आणि लाभत नसेल, तर त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते?

या प्रश्नाला समाजाने तयार ठेवलेले उत्तर म्हणजे पगार. आखातात, युरोपात किंवा जहाजावर गेलेल्या माणसाविषयी बोलणे निघाले की पहिल्या दोन-तीन वाक्यांतच रकमेचा उल्लेख येतो. या उत्तराची आम्ही थट्टा करणार नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाती देशांत मोठमोठी बांधकामे सुरू झाली, तेव्हा वसईपासून गोवा-मंगळूरपर्यंतच्या कित्येक घरांना त्या पगाराने पक्के छप्पर दिले. बहिणींची लग्ने, भावंडांची शिक्षणे, आजाऱ्यांची औषधे आणि सावकाराकडून सुटलेली जमीन, हे सारे त्याच पैशांतून झाले. परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठवलेली रक्कम २०२२ साली १०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्या अवाढव्य आकड्यामागे कोणाची तरी रात्रपाळी आहे. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी प्रसृत केलेल्या ‘लाबोरेम एक्झेर्सेन्स’ या परिपत्रकात, कामगाराला न्याय्य वेतन मिळते की नाही हीच समाजव्यवस्थेच्या न्याय्यतेची कसोटी मानली आहे. तेव्हा पगाराला तुच्छ लेखणारा उपदेश भरल्या पोटीच सुचतो, हे आपण विसरू नये.

तरीही पगार आणि समाधान या दोन गोष्टी एक नव्हेत. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९५९ साली आपला निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडला. माणसे असमाधानी होतात ती बहुधा वेतन, वरिष्ठांची वागणूक, कामाच्या जागेची स्थिती अशा कारणांनी. पण समाधानाविषयी विचारले, तर ती निराळ्याच गोष्टी सांगतात. आपल्या हातून काही चांगले घडले, त्याची कोणी दखल घेतली, आपल्यावर विश्वासाने जबाबदारी टाकली गेली, अशा त्या गोष्टी. या मांडणीवर पुढे विद्वानांत पुष्कळ वाद झाले. परंतु अनुभवाच्या भाषेत ती आपल्यालाही पटण्यासारखी आहे. पगार हा जेवणातल्या मिठासारखा आहे. मीठ नसेल तर पान अळणी होते. मात्र नुसत्या मिठाने कोणी तृप्त होत नाही.

समाधानाच्या आधी न्यायाचा विचार करावा लागतो, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. ज्याचे पारपत्र मालकाने आपल्या कपाटात ठेवले आहे, ज्याला मालकाच्या संमतीवाचून नोकरी सोडता येत नाही, त्याला ‘कामात समाधान शोध’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. आखातातील ‘कफाला’ पद्धतीने कामगाराला दीर्घकाळ असेच एका मालकाशी बांधून ठेवले. कतारने २०२० साली मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, हा बदल स्वागतार्ह होता. मात्र १२ जून २०२४ रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला पहाटे आग लागली आणि मृतांमध्ये ४० हून अधिक भारतीय निघाले. त्या घटनेने दाटीवाटीने झोपणाऱ्या माणसांचे जिणे क्षणभर जगाला दिसले. अशा ठिकाणी आधी हवे असते ते सुरक्षित छप्पर आणि वेळेवर हाती पडणारे वेतन. समाधानाची भाषा त्यानंतरची.

पण समजा, वेतन पुरेसे आहे, मालक बरा आहे, खोलीही नीटनेटकी आहे. तरीही अनेकांच्या बोलण्यात एक पोकळी जाणवते. तिचे कारण शोधताना आम्हाला शिरवळच्या दक्षिणेकडील एका उदाहरणाची मदत होते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतून हजारो माणसे गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली. सोने-चांदी वितळवून शुद्ध करणे हे त्यांचे काम. केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेच्या शहरांपर्यंत, सराफ बाजाराच्या आसपास त्यांची भट्टी पेटलेली दिसते. देश तोच असला तरी भाषा, अन्न, शेजार सारे परके. त्या अर्थी तेही परदेशच. काम सोपे नाही. विस्तवाची धग आणि आम्लाचा धूर रोजचाच. पण गावच्या यात्रेला हा माणूस परततो, तेव्हा त्याचे काम काय आहे हे गावाला ठाऊक असते. गलाई म्हणजे काय, हे तिथल्या शाळकरी पोरालाही सांगता येते. त्याच्या कामाला गावात नाव आहे.

उलट आखातात किंवा युरोपात गेलेल्याविषयी आपण काय म्हणतो? ‘तो दुबईला असतो.’ ‘ती इस्रायलला आहे.’ ‘धाकटा बोटीवर असतो.’ कामाच्या जागी देशाचे नाव येते आणि माणसाचे काम त्या नावाआड नाहीसे होते. तो तेथे उंच इमारतीच्या वातानुकूलनाच्या नळ्या जोडतो, की रुग्णालयात रात्रभर अतिदक्षता विभाग सांभाळतो? ती कोणा वृद्धेला भरवते, न्हाऊ घालते आणि रात्री तिचा हात धरून बसते, हे तिच्या घरात किती जणांना माहीत असते? महिन्याच्या महिन्याला रक्कम येते, तिची पोच दिली जाते. कामाची पोच मात्र कोणी देत नाही. आमच्या मते त्या पोकळीचे एक मूळ येथे आहे. हातून घडलेले चांगले काम आपल्या माणसाला कळावे, ही मनुष्याची भूक पगाराने भागत नाही आणि परक्या मालकाच्या शाबासकीनेही पुरती भागत नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. परदेशात यशस्वी झालेला त्याच्याइतका मोठा नोकरदार क्वचितच सापडेल. फारोच्या खालोखाल त्याची सत्ता, दुष्काळात साऱ्या मिसर देशाला अन्न पुरवण्याची कामगिरी त्याच्याकडे. तरीही त्याने आपल्या मुलांना ठेवलेली नावे पाहावीत. मनश्शे या नावात बापाच्या घराचा विसर पडल्याची भावना आहे, तर एफ्राईम या नावात फलद्रूप झाल्याची कृतज्ञता आहे. पण फलद्रूप झालो ते ‘दुःखाच्या देशात’ असेच तो म्हणतो. वैभवाच्या शिखरावरही तो देश त्याला दुःखाचा वाटतो. पुढे भावांना ओळख दिल्यावर तो त्यांना सांगतो की, मिसर देशातला माझा सारा मान आणि तुम्ही येथे जे जे पाहिले ते बापाला जाऊन सांगा. एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यालाही आपले काम म्हाताऱ्या बापाला कळावे असे वाटत होते! आणि याकोबाचे उत्तरही लक्षात ठेवण्याजोगे आहे. दारात गाड्या उभ्या असताना तो मालाची मोजदाद करीत नाही. माझा योसेफ जिवंत आहे एवढे पुरे, मी जाऊन त्याला पाहीन, असे तो म्हणतो.

वर उल्लेखिलेल्या परिपत्रकात पोपमहाशयांनी कामाच्या दोन बाजू सांगितल्या आहेत. एक, कामातून निर्माण होणारी वस्तू. दुसरी, काम करणारा माणूस. कामाची प्रतिष्ठा ठरते ती दुसरीवरून, कारण कर्ता ही एक व्यक्ती आहे. तरुणपणी, युद्धाच्या काळात, दगडाच्या खाणीत आणि रसायनांच्या कारखान्यात राबलेल्या माणसाचे हे विचार आहेत. याच परिपत्रकात त्यांनी परदेशी जाण्याचा माणसाचा हक्क मान्य केला, आणि असे स्थलांतर कित्येकदा एक अपरिहार्य अनिष्ट असते हेही लपवले नाही. मालकाने कामगाराला केवळ साधन समजू नये, हा त्यातला बोध आपण सहज मान्य करतो. पण ज्या घरासाठी तो राबतो त्या घरानेही त्याला साधन समजू नये, हा त्याच बोधाचा दुसरा अर्धा भाग आहे.

यावर कोणी म्हणेल, तोच काही सांगत नाही, त्याला आम्ही काय करावे? आक्षेप खरा आहे. पदवी घेतलेला माणूस तेथे माल वाहत असेल, तर ‘ठीक चालले आहे’ एवढेच तो दूरध्वनीवर बोलतो. त्यात लाज असते, आणि घरच्यांना त्रास नको ही मायाही असते. परंतु ते मौन आणखी एका कारणाने टिकते. खरे उत्तर आले तर त्याची किंमत घराला मोजावी लागेल. ‘मला येथे नको वाटते, परत यायचे आहे’ असे त्याने म्हटले, तर बांधायला घेतलेला वरचा मजला अर्धवट राहील, लग्नाचा थाट आवरता घ्यावा लागेल, कर्जाचे हप्ते लांबतील. म्हणून विचारणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि सांगणाराही समजून घेतो. खरी नैतिक परीक्षा येथे आहे. ‘तुला तेथे समाधान आहे का?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार, उत्तर नकारार्थी आले तर आपला खर्च कमी करण्यास तयार असलेल्यालाच आहे. ती तयारी नसेल, तर तो प्रश्न केवळ शिष्टाचार उरतो.

आणि या प्रश्नाला दुसरीही एक दिशा आहे. शिरवळच्या कारखान्यांत दूरच्या प्रांतांतून आलेला तरुण एका खोलीत चार-पाच जणांबरोबर राहतो. त्याचीही ओळख आपण प्रांताच्या नावावर आटोपतो. आपला मुलगा आखातात ‘भारतीय’ एवढाच असतो, तसा हा येथे ‘बिहारी’ किंवा ‘ओडिशाचा’ एवढाच. त्याच्या गावीही एक आई आहे, आणि त्याने कोणते यंत्र चालवले हे तिला कदाचित कधीच कळणार नाही. त्याच्या कामाचे नाव विचारणे, चांगल्या कामाला चांगले म्हणणे, सणाच्या दिवशी त्याला ताटावर बोलावणे, एवढे तर घरमालक, दुकानदार आणि शेजारी म्हणून आपल्याला करता येते. परक्या देशात आपल्या लेकराला जे मिळावे असे वाटते, ते आपल्या दारी आलेल्याला आधी द्यावे, हा जुनाच नियम आहे.

कामातील समाधान एकट्याने मिळवण्याची वस्तू नाही, एवढेच आम्हाला सुचवायचे आहे. त्यातला काही भाग मालकाच्या हाती असतो, काही कायद्याच्या, काही स्वतःच्या. पण एक भाग घरच्यांच्या हाती असतो आणि तो दुसरा कोणी देऊ शकत नाही. नाताळात किंवा मे महिन्यात दूरदेशीची माणसे घरी येतील, तेव्हा पेटी उघडण्याआधी त्यांना स्वस्थ बसवून घ्यावे आणि विचारावे, ‘तुझा तिकडचा दिवस कसा असतो, सकाळपासून सांग.’ आणि सांगणे संपेपर्यंत उठू नये.