बाबागाडी, सायकल आणि पदक

दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच प्रतिकार चळवळीतल्या सेसिल रोल-तांगी बाबागाडी ढकलत जर्मनव्याप्त पॅरिसमधून जायच्या, तेव्हा बाळाच्या अंथरुणाखाली पत्रकं असत, कधी शस्त्रंही. जर्मन शिपायाला दिसे ती नुसती लेकुरवाळी बाई.

फेब्रुवारी १९४३ मध्ये फ्रेंच तरुणांना सक्तीने जर्मनीत कामाला धाडण्याचा कायदा झाला. रस्त्यात धडधाकट तरुण दिसला की कागदपत्रं तपासली जात. बाई मात्र सायकलला करंडी अडकवून निघाली, तर बटाट्याच्या शोधात खेड्याकडे निघाली असेल, असंच कोणीही धरून चाले. टपाल आणि टेलिफोनवर पाळत होती. म्हणून चळवळीच्या गटांमधले निरोप, पैसे, खोटी ओळखपत्रं यांची ने-आण माणसांकरवीच व्हायची, आणि त्यात बायकांचा वाटा मोठा होता.

या कामाला ‘मदत’ म्हणून बाजूला सारायची सवय मला पटत नाही. म्होरक्याला दडून बसता येतं. निरोप नेणाऱ्या बाईला रोज नाक्यावरून जावंच लागतं. शिवाय दोन्हीकडचे पत्ते तिच्याच डोक्यात. ती पकडली गेली की दोन गट एकमेकांना मुके.

तरीही स्वतंत्र फ्रान्सचे नेते द गॉल यांनी सुरू केलेल्या ‘मुक्ती सन्माना’च्या १०३८ मानकऱ्यांत बायका फक्त सहा. त्यातल्या लोर दिबोल्ड या प्रतिकार चळवळीचे नेते ज्याँ मूलँ यांच्या चिटणीस. याचं एक कारण सांगतात की मागे कागद न ठेवणं हेच या कामातलं कसब, आणि इतिहासाला तर कागद लागतात. त्यात तथ्य आहे. ब्रिटिशांची हेर नूर इनायत खान आपल्याकडे ठाऊक असते, वडील बडोद्याचे म्हणून. शिवाय ती बिनतारी यंत्र चालवायची, तिचे संदेश लंडनला पोचत, म्हणजे कागदावर उरत. जून १९४३ मध्ये नूर उतरली त्याच रात्री फ्रान्समध्ये उतरलेल्या डायना रोडन आणि सेसिली लेफोर यांचं काम निरोप्याचं. नूरसारख्याच त्याही जर्मन छावण्यांतच मेल्या, पण त्यांची नावं किती जणांना माहीत?

पण कागदाची सबब फार लांब जात नाही. पर्ल विदरिंग्टन ही ब्रिटिश हेरही निरोप्या म्हणून फ्रान्समध्ये आली. मे १९४४ मध्ये तिचा प्रमुख पकडला गेला आणि हजाराहून अधिक बंडखोरांची सूत्रं तिच्या हाती आली. सगळी नोंद होती, शौर्यपदकाची शिफारसही झाली. ते लष्करी पदक बाईला देता येत नाही म्हणून ब्रिटिश सरकारने मुलकी सन्मान देऊ केला. तिने तो नाकारला: आपल्या कामात मुलकी असं काही नव्हतंच, असं तिचं म्हणणं.