निदण कोणी उपटावे?

दुसऱ्याचे वाचन आपल्याला घातक वाटले, तर त्याच्या हातून ते पुस्तक हिसकावून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? मुलाच्या हातातील विषाची कुपी काढून घेणाऱ्या बापास कोणी दोष देणार नाही. परंतु प्रौढ मनुष्याची सदसद्विवेकबुद्धी म्हणजे बालकाचा हात नव्हे. या प्रश्नाचा विचार करण्यास बोहेमिया व मोराविया या चेक प्रांतांचा इतिहास फार उपयोगी आहे, म्हणून तो आम्ही वाचकांपुढे ठेवितो.

चेक भाषेतील संपूर्ण पवित्र शास्त्र प्राग शहरी १४८८ साली छापून निघाले. पुढील शतकात मेलान्त्रिख व त्याचा जावई वेलेस्लावीन यांनी त्याच शहरी इतिहास, कोश व औषधी वनस्पतींचे ग्रंथ लोकभाषेत छापिले. बंधुमंडळाच्या यान ब्लाहोस्लाव याने १५६४ साली नव्या कराराचे भाषांतर प्रसिद्ध केले. आणि क्रालित्से नावाच्या लहानशा गावच्या गढीत त्या मंडळाने १५७९ पासून १५९४ पर्यंत संपूर्ण शास्त्र सहा भागांत छापिले. गावोगावच्या बाजारांत व जत्रांत स्वस्त चोपड्याही विकल्या जात. गाणारे विक्रेते खुनांच्या, चमत्कारांच्या व यात्रांच्या कथा गाऊन त्यांचे छापील कागद विकीत. गहू व निदण एकाच शेतात वाढत होते.

१६२० साली श्वेतगिरीच्या लढाईत प्रॉटेस्टंट पक्षाचा पराभव झाला, आणि १६२७ साली बोहेमियात व पुढील वर्षी मोरावियात एक रोमन पंथच कायदेशीर ठरला. सरदार व नगरवासी यांस धर्म बदलावा अथवा देश सोडावा, एवढी तरी निवड होती. जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यास तीही नव्हती. कोमेनियससारखे विद्वान परदेशी गेले. शेतकरी मागे राहिला आणि त्याच्याजवळ त्याची जुनी पुस्तके राहिली. ती त्याने भिंतीत, जमिनीखाली, धान्यात लपविली. पुढे सीमेपलीकडील झिटाउ व हाले येथे चेक पुस्तके छापून ती चोरवाटांनी आत आणिली जाऊ लागली.

या पुस्तकांचा शोध करणारांत आंतोनीन कोनियाश (१६९१–१७६०) हा जेझुइट पुरोहित प्रसिद्ध आहे. १७२९ साली त्याने निषिद्ध ग्रंथांची मोठी यादी छापिली. पाखंड बंद करणारी व उघडणारी किल्ली, असे तिचे नाव होते. काही पुस्तके तो जाळी, काहींतील ओळी खोडून परत देई, आणि स्वतःच्या पंथाची पुस्तकेही लोकांस पुरवी. त्याने स्वतः स्तोत्रसंग्रहही प्रसिद्ध केला होता. तेव्हा तो ग्रंथांचा द्वेष्टा होता, असे म्हणता येत नाही. लोकांच्या आत्म्यांचे रक्षण करितो, असाच त्याचा विश्वास होता. आणि म्हणूनच हे उदाहरण विचारणीय आहे. दुष्टाने केलेला जुलूम ओळखणे सोपे. कळकळीच्या मनुष्याने केलेला जुलूम ओळखणे कठीण. प्रतिपक्षाचेही हात स्वच्छ नव्हते. १६१९ च्या डिसेंबरात प्रागच्या मुख्य देवळातील चित्रे व मूर्ती फोडणारे प्रॉटेस्टंटच होते. आपल्या हाती सत्ता आली असता आपण काय करतो, हीच खरी कसोटी होय.

आता या कळकळीचे फळ पाहा. ज्याच्या घरी पुस्तक लपले होते, त्यास रोज खोटे वागावे लागे. तो देवळात एक बोले व बंद दाराआड दुसरे वाची. असत्य हे असत्यच, हे आम्ही नाकारीत नाही; परंतु सत्य बोलणे हा ज्याने गुन्हा ठरविला, त्याच्या माथी त्या असत्याचा मोठा वाटा येतो. आत्मे वाचवावयास निघालेल्यांनी एका संपूर्ण समाजास दुटप्पीपणाची शिकवण दिली. आणि ज्यासाठी हे केले, तेही साधले नाही. १७८१ साली सम्राट दुसरा योसेफ याने सहिष्णुतेची सनद दिली, तेव्हा हजारो घराणी उघडपणे पुढे आली. दीडशे वर्षे त्यांस ना पाळक, ना मंदिर. पुस्तकांनीच त्यांस राखिले होते. कोनियाशची यादी तर आज संशोधकांस नष्ट झालेल्या ग्रंथांची नावे सांगते!

मग वाईट पुस्तक नसतेच काय? असते. खुनाच्या वर्णनात रस घेण्यास शिकविणारी चोपडी तेव्हा होती, आजही आहे. परंतु निदण उपटण्याची घाई करणाऱ्या दासांस धन्याने थांबविले, ते निदण चांगले म्हणून नव्हे. त्यांच्या हातून गहूही उपटला जाईल म्हणून. पारख करणारा वाचक तयार करणे, हेच वाईट पुस्तकावरील औषध होय. ते काम मंद आहे व त्यास सोबतीची गरज आहे. अग्नीस मात्र फक्त एक काडी लागते.

प्रिय वाचकहो, आपल्या घरी तरुण मुलगा अथवा सून असे काही वाचीत असेल की ज्याने आपले मन अस्वस्थ होते, तर ते पुस्तक हिसकावण्यापूर्वी एक गोष्ट करावी. त्यांच्याजवळ बसून ते त्यांच्याबरोबर वाचावे, आणि आपले मत सांगण्याआधी त्यांचे ऐकून घ्यावे. जे सत्य आहे त्यास या परीक्षेचे भय नाही. आणि जे असत्य आहे ते लपवून वाचण्यापेक्षा उजेडात वाचलेले बरे.