आमची आवड, आपली आवड

एखादे गाणे मनापासून आवडले की ते एकट्याने ऐकून माणसाचे भागत नाही. तो शेजाऱ्याला हाक मारतो, ‘अहो, जरा हे ऐका’ म्हणतो, आणि तो ऐकत असताना स्वतः गाण्याकडे लक्ष न देता त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसतो. वरवर पाहता हा औदार्याचा प्रकार वाटतो. आंबा वाटला तर आपल्या वाट्याची फोड कमी होते; गाणे शंभरांना ऐकवले तरी आपल्यापाशी होते तेवढेच राहते. इतके स्वस्त औदार्य जगात दुसरे नसेल! पण मग ऐकणाऱ्याने मध्येच जांभई दिली तर आपल्याला एवढे वाईट का वाटते? आंब्याची फोड कुणी नाकारली तर आपण ती मुकाट्याने, किंबहुना आनंदाने, स्वतः खातो. गाणे नाकारले तर मात्र घाव बसतो. म्हणून मला वाटते, आवडते गाणे ऐकवणारा माणूस काही देत नसतोच. तो मागत असतो. ‘मी जिथे हललो तिथे तूही हल’ असे त्याचे मागणे असते. हे मागणे रास्त केव्हा आणि जुलूम केव्हा, हा प्रश्न दिवाळीत विचारण्याजोगा आहे. कारण या चार दिवसांत तीन-तीन पिढ्या एका छपराखाली येतात आणि घरात स्पीकर मात्र एकच असतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मागणे उघडपणे, पोस्टकार्डावर लिहून केले. 1952 साली बा. वि. केसकर देशाचे नभोवाणी मंत्री झाले. ते पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी. चित्रपटगीतांनी जनतेची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते, आणि थोड्याच दिवसांत ही गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि समुद्रापलीकडचे रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू करून सरकारनेच नमते घेतले. केसकरांची कळकळ खोटी होती असे मी म्हणणार नाही. उत्तम तेच लोकांच्या कानी पडावे, ही इच्छा प्रत्येक शिक्षकाच्या मनात असते. पण ऐकवण्याची हौस असलेल्या या माणसाला लोकांचे ऐकण्याची मात्र गरज वाटली नाही, आणि तिथे त्या कळकळीचा जुलूम झाला.

हिंगोली तेव्हा हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात आला, आणि हिंगोलीचा स्वतंत्र जिल्हा व्हायला 1999 चा महाराष्ट्रदिन उजाडावा लागला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले; रेडिओवरची फर्माइश मात्र तीच राहिली. गाण्याआधी नावांची ती लांबलचक माळ ऐकू येई. अमुक गावाहून अमका, त्याचे मित्र, त्याच्या बहिणी, आणि मग झुमरी तलैयाची मंडळी, ज्यांच्या पोस्टकार्डांनी ते आडबाजूचे गाव देशभर ठाऊक केले. पोरवयात आम्ही या नावांना हसत असू. आता वाटते, त्या माळेत एक शहाणपण होते. गाणे कुणा एकाचे नसे. आणि आपले गाणे लागेपर्यंत दुसऱ्यांची आठ-दहा गाणी ऐकणे भाग असे. त्या वाट पाहण्यातच कितीतरी गाणी आपल्या ओळखीची झाली, जी आपण होऊन कधीच मागितली नसती.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर मराठी गाण्यांच्या फर्माइशीचा जो कार्यक्रम होता, त्याचे नाव होते ‘आपली आवड’. हे नाव ज्याने ठेवले त्याला मराठीचे मर्म कळले होते. हिंदीला ‘हम’ हा एकच शब्द पुरतो. मराठीत ‘आम्ही’ वेगळे आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. ‘आमच्या काळची गाणी’ असे म्हणणाऱ्या काकांनी ते वाक्य तोंडातून काढताक्षणी पुतण्याला उंबऱ्याबाहेर उभे केलेले असते. आणि मग त्याने आत यावे म्हणून ते आवाज वाढवतात!

जुनी गाणी नव्यांपेक्षा चांगली, हा काकांचा सिद्धांतही तपासून घ्यावा असा आहे. जुन्या काळातही टाकाऊ गाणी ढिगाने निघत. ती विसरली गेली, म्हणून उरलेली सगळी चांगली दिसतात. काळाच्या चाळणीतून आलेल्या गव्हाची तुलना कालच मळून आणलेल्या राशीशी करण्यात न्याय नाही. असो.

रेडिओनंतर कॅसेट आली. माझी पिढी तिच्या छायेत वाढली. तालुक्याच्या गावी बसस्थानकापाशी एक दुकान असायचेच, जिथे गाण्यांची यादी दिली की दुकानदार कोऱ्या कॅसेटमध्ये ती भरून देई. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे, फार तर सहा-सात गाणी. शेवटचे गाणे मध्येच तुटू नये म्हणून दुकानदार वहीच्या मागच्या पानावर मिनिटांची बेरीज करी. ही कॅसेट स्वतःसाठी भरायची तर गोष्ट सोपी. पण मित्रासाठी, लग्न होऊन नांदेडला गेलेल्या बहिणीसाठी भरायची म्हणजे खरी परीक्षा. बारा-तेराच गाणी बसणार. त्यांत माझी किती आणि तिची किती? तिला न आवडणारे, पण तिने ऐकलेच पाहिजे असे मला वाटणारे एखादे घुसवावे की नाही? माझ्या मते असे एक गाणे घुसवणे हा प्रेमाचा हक्क आहे. चार घुसवली तर तो उपदेश होतो, आणि सगळीच आपली भरली तर आपण बहिणीला कॅसेट दिली नाही, आरसा विकत घेऊन तिच्या घरी ठेवला.

या दुकानांत हिंदी-मराठीच्या रांगेखाली एक छोटी रांग परदेशी गाण्यांची असे. अब्बा, मायकेल जॅक्सन आणि हटकून बोनी एम. या बोनी एमचे 1978 साली गाजलेले ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ आमच्याकडच्या बँडवाल्यांच्याही कानावरून गेले होते. वरातीत नाचायला त्याचा ठेका झकास! पुढे पुष्कळ वर्षांनी मला कळले की ते नाचाचे गाणे नव्हेच. शब्दांचा मूळ आधार बायबलमधले एक स्तोत्र. देशोधडीला लागलेले यहुदी परक्या नदीकाठी बसून आपल्या सियोनच्या आठवणीने रडतात, आणि त्यांना धरून नेणारे वर म्हणतात, गाणे म्हणून दाखवा. जमैकातल्या मेलोडियन्स या गायकांनी 1970 साली त्याचे गाणे केले, कारण गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांच्या वंशजांना ते दुःख आपलेच वाटले. पश्चिम जर्मनीत जमवलेल्या बोनी एमने त्याला ठेका दिला, आणि ते आमच्या वरातीपर्यंत पोचले. दुःख वाटेतच गळून पडले, ठेका तेवढा आला.

मग आम्ही जे ऐकले ते खोटे होते काय? अर्थ न कळता आवडणे ही फसवणूक आहे, असे म्हणणारे माझे एक विद्वान स्नेही आहेत. मला ते पटत नाही. आमच्याच जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेव उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले, आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आली. आज गुरुद्वारात ती गाणाऱ्या भाविकाला नर्सी कुठे आहे आणि कयाधू कुठून वाहते हे ठाऊक नसेल. म्हणून त्याची भक्ती अपुरी ठरत नाही. गाणे आधी कानातून शिरते, अर्थ सावकाश मागून चालत येतो. कधी एका आयुष्यात पोचतो, कधी नाही. मात्र ज्याने ते गाणे दिले, त्याने ‘मी दिले तसेच ते राहील’ अशी आशा धरू नये. अमेरिकेतल्या ओटिस रेडिंगने 1965 साली ‘रिस्पेक्ट’ हे गाणे केले. कष्ट करून घरी आलेला पुरुष बायकोपाशी मान मागतो, एवढाच त्याचा विषय. दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिनने तेच गायले आणि मान मागणारी बाई झाली. पाहता पाहता ते साऱ्या स्त्रियांचे, साऱ्या कृष्णवर्णीयांचे मागणे झाले. अरेथा एका धर्मोपदेशकाची मुलगी. चर्चमधल्या भजनांत तिचा गळा तयार झाला होता, आणि सोल म्हणतात ते संगीत त्या भजनांतूनच बाजारात उतरले. एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही त्याची रीत टाळकऱ्यांना वेगळी शिकवावी लागणार नाही.

दहावीच्या वर्गाला मी मागे एकदा सांगितले, ‘तुमच्या जन्माआधीचे, तुम्हाला आवडणारे एक गाणे वर्गात ऐकवा. अट एवढीच, की ज्याला ऐकवायचे त्याने बाकीच्यांची सगळी ऐकायची.’ बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे आईवडिलांच्या आवडीची हिंदी गाणी आणली. एका पोराला मोबाईलमध्ये कुठूनशी अरेथा सापडली होती. शब्द त्याला कळले नव्हते, ‘सर, बाई लई जोरात भांडती’ एवढे कळले होते. आणि ते अगदी बरोबर होते. एका मुलीने मोबाईल आणलाच नाही. तिने वामनदादा कर्डकांचे गाणे स्वतः म्हटले, आजीकडून शिकलेले.

वर्ग क्षणभर शांत झाला. गाणे नवे होते म्हणून नव्हे. उलट ते सगळ्यांना तोंडपाठ होते. दर 14 एप्रिलला, दर धम्मचक्र प्रवर्तनदिनाला गावाच्या त्या अंगाने भोंग्यावरून वामनदादांची, प्रल्हाद शिंद्यांची गाणी साऱ्या गावावरून जातात. वामनदादा 2004 साली गेले. त्याआधी आणि त्यानंतरही मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांतून त्यांच्या गाण्यांचे हे फिरणे थांबलेले नाही. अमेरिकेत ज्याला सोल म्हणतात ते आमच्याकडे कोणते, असे कुणी विचारले तर मी याच गाण्यांकडे बोट दाखवीन. अपमानाच्या पोटी जन्मलेले, मान मागणारे, आणि तरीही ठेक्यावर डोलणारे असे दुसरे संगीत आमच्यापाशी नाही. पण गावाच्या या अंगाला त्यांची फर्माइश कुणी पोस्टकार्डावर लिहिल्याचे मला आठवत नाही. कॅसेटच्या यादीतही ती कुणी घातल्याचे आठवत नाही. चाळीस वर्षे ती ऐकू आली. ऐकली गेली नाहीत. भोंग्याची कटकट एवढीच त्यांची दखल. आणि या बाजूच्या मंडपातला भोंगा कमी कर्कश होता असेही नाही! त्या मुलीचे गाणे संपल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी ‘पुन्हा म्हण’ म्हणाले. तिने म्हटले. दुसऱ्या वेळी दोघेतिघे तिच्याबरोबर गुणगुणत होते, आणि त्यांतला एक जण असा होता की त्याच्या घरी हे कळले असते तर बोलणी बसली असती. ती बसली की नाही, मी विचारले नाही.

आता प्रत्येकाच्या कानात स्वतःचे गाणे आहे. याबद्दल रडण्याचे मला कारण दिसत नाही. सेनगावच्या पोराला अरेथा भेटली ती त्या मोबाईलमुळेच; कुठल्याही बसस्थानकावरच्या दुकानात ती भेटली नसती. पण हे यंत्र आपल्याला जे आवडले त्याच्यासारखेच पुढे वाढते, आणि दुसऱ्याच्या आवडीची ती आठ-दहा गाणी मधून गळतात. ‘आपली आवड’ची ‘माझी आवड’ होते.

याच्या अगदी उलट टोकाचे एक उदाहरण सांगतो. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडे जाण्यासाठी सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तिच्यात साऱ्या पृथ्वीवरचे सुमारे दीड तासाचे संगीत आहे. म्हटले तर एक मोठी भरून दिलेली कॅसेटच! ती भरणाऱ्यांत कार्ल सेगन होते. चक बेरीचे रॉक-अँड-रोल त्यात घालू नये, ते पोरकट आहे, असा आक्षेप निघाला, तेव्हा या पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत असे सेगननी सुचवले. चक बेरी राहिला. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गंमत पाहा, या बाई ध्वनिमुद्रणाला नाखूश, शिष्य करण्याच्या बाबतीत तर इतक्या कठोर की धोंडूताई कुलकर्णींचे एक नाव तेवढे घेता येते. ज्यांनी आपले गाणे जवळच्यांनाही सहजी दिले नाही, त्यांचे गाणे कुणाला मिळेल याचा पत्ता नसलेल्या जागी निघाले. त्यांतले व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबरला सुटले. 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या. तिथे चेहरा पाहायला कुणी नाही, जांभईची भीती नाही. मागणे उरलेच नाही, म्हणून कदाचित तेवढेच एक खरे दान असेल. पण माणसांच्या घरात इतके निरिच्छ होऊन चालत नाही. आपल्याला चेहरे लागतात.

फाल्गुनात आमच्याकडे हळद शिजवायचे दिवस येतात. रात्रभर जाळ चालतो, आणि झोप येऊ नये म्हणून एका मोबाईलवर गाणी चालू असतात. आमच्या शेजारच्या मळ्यात रिवाज असा, की जाळ घालायची ज्याची पाळी त्याने गाणे लावायचे. पोरे काहीबाही कर्कश लावतात, बायका देवीची गाणी लावायला सांगतात. एक म्हातारबुवा आहेत, ते दर पाळीला तेच ते एक जुने गाणे लावतात. पोरे कपाळाला हात लावतात, ‘आबा, पुन्हा तेच का?’ म्हणतात. आबा काही बोलत नाहीत, एक लाकूड पुढे सारतात. गाणे सव्वातीन मिनिटांचे आहे. ते संपेपर्यंत मोबाईलला कुणी हात लावत नाही.